ऐन दुपारी बंद पडणारा सोलर इन्व्हर्टर: दोष नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे

छतावर ३ किलोवॉटची सौर यंत्रणा बसते, नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज मोजणारा) लागतो, पहिले बिल बरेच खाली येते. आणि मग काही आठवड्यांनी लक्षात येते की ऊन सर्वांत कडक असते नेमके त्याच वेळी, साधारण साडेअकरा ते अडीचच्या दरम्यान, इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रावर, लाल दिवा लागतो, निर्मिती शून्यावर येते, दोन-तीन मिनिटांनी यंत्र आपोआप सुरू होते आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडते. सकाळी नऊला सगळे सुरळीत असते आणि दुपारी चारनंतरही असते. दुरुस्तीसाठी सोलरवाला येतो तो बहुधा संध्याकाळी, आणि तेव्हा यंत्र निमूटपणे चालू असल्याने त्याला काहीच दोष सापडत नाही.

या तक्रारीवर जे सल्ले मिळतात त्यांतील बहुतेक खर्चिक आणि निरुपयोगी असतात: पॅनेल धुऊन घ्या, इन्व्हर्टर बदला, मध्ये स्टॅबिलायझर लावा, बॅटरी बसवा. वास्तविक बहुसंख्य घरांत इन्व्हर्टर त्याला नेमून दिलेले कामच करत असतो. दोष असतो तो इन्व्हर्टरपासून डीपीपर्यंतच्या, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या रोहित्रापर्यंतच्या, तारेत, सांध्यात किंवा डीपीवरच्या विद्युतदाबात (व्होल्टेजमध्ये). यांपैकी नेमके कुठे, हे काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने आणि एका स्वच्छ दुपारच्या तासाभरात कळू शकते. ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात इन्व्हर्टर बंद का पडतो, ते आधी पाहू. घरातील वीज बाहेरच्या लाइनवर ढकलायची तर इन्व्हर्टरच्या टोकाचा दाब लाइनच्या दाबापेक्षा थोडा जास्त असावा लागतो. तो किती जास्त, हे मधल्या तारेच्या रोधावर (रेझिस्टन्सवर) आणि प्रवाहावर ठरते: प्रवाह जितका मोठा आणि तार जितकी बारीक किंवा लांब, तितका इन्व्हर्टरपाशी दाब चढतो. सकाळी यंत्र ४ अँपिअर देत असते तेव्हा ही वाढ जाणवत नाही. दुपारी तेच यंत्र १३ अँपिअर देऊ लागले की वाढ तिपटीहून जास्त होते. आपल्याकडे घरगुती पुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट धरलेला आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या तांत्रिक मानकांनुसार हा दाब ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेला, तर सौर इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत स्वतःला लाइनपासून तोडून घेतले पाहिजे. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट. दाब पुन्हा मर्यादेत येऊन किमान ६० सेकंद तसाच राहिला की यंत्राला परत जोडून घेण्याची मुभा असते. पण यंत्र बंद पडताच त्याने चढवलेला दाबही उतरतो, म्हणून ते पुन्हा जोडले जाते, पुन्हा पूर्ण प्रवाह देऊ लागते आणि पुन्हा मर्यादा ओलांडते. दुपारभर चालणाऱ्या चालू-बंदच्या खेळाचे कारण हे आहे.

यात आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याकडील वितरण रोहित्र, म्हणजे बोलीभाषेतील डीपी, ११ किलोव्होल्टचे ४३३ व्होल्ट करते. ४३३ व्होल्ट हा दोन फेजमधील दाब झाला. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यातील दाब त्यावरून २५० व्होल्ट येतो. रोहित्रावर भार असला की तो खाली उतरून २३०-२४० च्या आसपास येतो, कारण वाटेत पडणारी घट आधीच हिशेबात धरलेली असते. भारच नसला तर मात्र डीपीजवळच्या घराला सोलर नसतानाही २४५ व्होल्ट मिळणे अशक्य नाही. अशा घराच्या इन्व्हर्टरला २५३ पर्यंत जाण्यासाठी केवळ ८ व्होल्टची मोकळीक उरते.

म्हणूनच या तक्रारीला ऋतू असतो. विदर्भात एप्रिल-मेमध्ये कूलर आणि एसी दिवसभर चालत असल्याने लाइनचा दाब दबलेला असतो. शिवाय पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापला की निर्मिती तपासणीच्या प्रमाणित २५ अंशांच्या तुलनेत १२ ते १५ टक्के घसरते, त्यामुळे प्रवाहही कमी असतो. तक्रार सुरू होते ती पावसाने उघडीप दिल्यावर, आणि दिवाळीनंतर ती वाढते: हवा थंड, आकाश स्वच्छ, पंखे बंद. रविवारी बाजारपेठेतील दुकाने बंद असतात तेव्हा, किंवा शेतीपंप आणि गावठाण एकाच लाइनवर असलेल्या ठिकाणी पंपांची पाळी नसते तेव्हा, दाब आणखी चढतो. ज्यांना मेमध्ये काहीच त्रास झाला नव्हता त्यांना जानेवारीत यंत्र बिघडल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे आहे.

नुकसान किती होते, याचाही अंदाज घ्यावा. महाराष्ट्रात १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे ३ किलोवॉटचे १२. यांपैकी निम्म्याच्या आसपास युनिट माध्यान्हीच्या तीन तासांत तयार होतात. या वेळेतील ३ युनिट रोज बुडाले तरी महिन्याचे ९० होतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपयांचे अनुदान मिळत असल्याने अनेक मध्यमवर्गीय घरांनी उरलेल्या रकमेची जुळवाजुळव करून, प्रसंगी कर्ज काढून ही यंत्रणा बसवली आहे. त्यांच्या परतफेडीचे सारे गणित या युनिटांवर उभे असते.

आधी आजार हाच आहे ना, याची खात्री

निर्मिती कमी होण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा आलेख वेगळा दिसतो. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये एका स्वच्छ दिवसाचा आलेख उघडावा. दाबामुळे यंत्र लाइनपासून तुटत असेल, तर दुपारच्या भागात करवतीसारखे दाते दिसतात. रेषा वर जाते, एकदम तळाला येते, पुन्हा वर जाते. शेजारच्या टाकीची किंवा नारळाची सावली असेल, तर रोज ठरावीक वेळी खड्डा पडतो, पण तो शून्यापर्यंत जात नाही. इन्व्हर्टर उघड्या गच्चीवर पत्र्याखाली तापत असेल, तर रेषा दुपारी हळूहळू खाली झुकते. आणि पॅनेलची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा जास्त असेल, तर माथा सपाट कापल्यासारखा दिसतो. तो दोष नव्हे. सकाळी दव किंवा पावसानंतर यंत्र उशिरा सुरू होत असेल आणि पडद्यावर इन्सुलेशनसंबंधी त्रुटी दिसत असेल, तर तो डीसी बाजूच्या, म्हणजे पॅनेल ते इन्व्हर्टर या भागातल्या, वायरचा किंवा कनेक्टरचा प्रश्न आहे आणि या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही.

त्रुटीची नोंदही पाहावी. कंपनीनुसार शब्द बदलतात, पण ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ किंवा ‘एसी व्होल्टेज हाय’ अशा अर्थाची नोंद दुपारच्या वेळेसह वारंवार दिसली म्हणजे निदान जवळजवळ पक्के झाले. फ्रीक्वेन्सीची त्रुटी दिसत असेल, तर शक्यता वेगळी आहे. मोठ्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या फारशी दूर जात नाही, त्यामुळे सोसायटीचा जनरेटर चालू असताना इन्व्हर्टर त्याला जोडलेला राहतो की काय, हे तपासावे. ॲप साधारणतः दर पाच मिनिटांनी नोंद घेते, म्हणून दोन मिनिटांचे खंड त्यात निसटू शकतात. शंका असेल, तर एसी व्होल्टेजचा रकाना उघडून दुपारी आकडा २५० च्या वर रेंगाळतो का, ते पाहावे.

तीन मापे

आता मुख्य काम. दिवस निरभ्र असावा आणि वेळ बारा ते एकच्या दरम्यानची. घरातील पंप, गीझर, एसी बंद ठेवावेत, म्हणजे निर्मितीचा जवळजवळ सगळा प्रवाह बाहेर जाईल. विजेच्या कामाची सवय नसेल, तर उघडी टोके स्वतः चाचपू नयेत. ओळखीच्या वायरमनला सोबत घ्यावे. मीटरचे सील तोडायचे नाही आणि त्याची गरजही नाही: मीटरनंतरच्या मेन स्विचपाशी माप घेतले तरी चालते, आणि बहुतेक नेट मीटरच्या पडद्यावर बटण दाबत गेले की व्होल्टेजचा आकडा येतो. इन्व्हर्टरपाशी किती व्होल्ट आहेत, ते इन्व्हर्टर स्वतःच दाखवतो. मात्र दोन वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यापूर्वी ती यंत्रे एकाच जागी सारखा आकडा देतात का, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी निर्मिती नगण्य असताना, म्हणजे सूर्यास्ताच्या थोडे आधी, मल्टिमीटर आणि इन्व्हर्टर यांचे आकडे शेजारी लिहून घ्यावेत. स्वस्त मल्टिमीटरमध्ये दोन-तीन व्होल्टचा फरक निघणे अगदी साधी गोष्ट आहे, आणि इथे तर सारा न्यायनिवाडा चार-पाच व्होल्टवर व्हायचा आहे.

पहिले माप: इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा एमसीबी (सुरक्षा-स्विच) पाच मिनिटे बंद ठेवून मेन स्विचपाशी घेतलेला दाब. हा झाला वीज कंपनीकडून येणारा दाब. त्यात आपल्या सोलरचा काहीही वाटा नाही. दुसरे माप: इन्व्हर्टर पूर्ण भराने चालू असताना त्याच मेन स्विचपाशी घेतलेला दाब. तिसरे माप: त्याच क्षणी इन्व्हर्टरच्या टोकाचा दाब. यंत्र लवकर तुटत असेल, तर ते पुन्हा जोडले गेल्यानंतरच्या एक-दोन मिनिटांत, प्रवाह चढत असताना, दोन माणसांनी दोन ठिकाणी आकडे घ्यावेत आणि सोबत इन्व्हर्टर किती किलोवॉट देत होता तेही लिहावे. प्रवाहाचा आकडा नसेल, तर व्होल्टचा आकडा निरर्थक ठरतो.

समजा, पहिले माप २४३ आले, दुसरे २४८ आणि तिसरे २५६. याचा अर्थ असा की वीज कंपनी २४३ व्होल्ट देते. आपला प्रवाह मीटरपासून खांबापर्यंतच्या सर्व्हिस वायरमधून आणि पुढच्या लाइनमधून बाहेर जाताना ५ व्होल्टची भर पडते. आणि इन्व्हर्टरपासून मेन स्विचपर्यंतच्या घरातल्या केबलमध्ये आणखी ८ व्होल्टची. दोषाचा सर्वांत मोठा वाटा आपल्या घरातच आहे, आणि तो दूर करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

घरातली केबल

माझ्या पाहण्यात सर्वाधिक आढळणारे कारण हेच आहे. स्वस्तातल्या कोटेशनमध्ये पॅनेल आणि इन्व्हर्टर यांची नावे ठळक असतात, पण एसी केबलची जाडी आणि लांबी कुठेच लिहिलेली नसते. इन्व्हर्टर गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत लावला जातो, मीटर तळमजल्यावर असतो, आणि मधली ३५-४० मीटर केबल २.५ चौरस मिलिमीटरची टाकली जाते, कारण १३ अँपिअर प्रवाह ती सहज पेलते. गरम होऊन जळणार नाही, या कसोटीवर ती पुरेशी आहेच. पण दाबाची कसोटी वेगळी आहे. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. ४० मीटर अंतर म्हणजे जाण्यायेण्याची मिळून ८० मीटर तार; तिचा रोध सुमारे ०.५९ ओहम, आणि १३ अँपिअरला ७.७ व्होल्ट. तार तापली की यात थोडी भर पडते. त्याऐवजी ६ चौरस मिलिमीटरची केबल असेल, तर रोध किलोमीटरला ३.०८ ओहम होतो आणि तीच वाढ ३.२ व्होल्टवर येते. वरच्या उदाहरणात केवळ एवढ्या बदलाने इन्व्हर्टरपाशी २५६ च्या जागी २५१-२५२ व्होल्ट राहतील आणि यंत्र तुटणार नाही. खर्च केबलचा आणि वायरमनच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा.

केबल पुरेशी जाड असूनही फरक मोठा येत असेल, तर सांधा ढिला आहे. एसी वितरण पेटीतील एमसीबी, मेन स्विच, चेंजओव्हर, मध्येच कुठे काळी टेप गुंडाळून दिलेला जोड, या प्रत्येक जागी वायरचे इन्सुलेशन पिवळे-तपकिरी झाले आहे का, प्लास्टिक मऊ पडले आहे का, ते पुरवठा बंद करून पाहावे. एका सांध्यात ३ व्होल्ट पडत असतील, तर १३ अँपिअरला तिथे सुमारे ४० वॉट उष्णता तयार होत असते. सोल्डरिंगची इस्त्री एवढ्यावरच कथील वितळवते. त्यामुळे हा प्रश्न केवळ बुडालेल्या युनिटांचा राहत नाही. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खारट दमट हवेने तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा जोड विशेष लवकर खराब होतो. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेले लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) वापरावेत आणि पावसाळा संपल्यावर स्क्रू एकदा आवळून घ्यावेत.

ज्यांची यंत्रणा अजून बसायची आहे त्यांच्यासाठी इथेच एक सूचना देतो. इन्व्हर्टर पॅनेलजवळ न लावता मीटरजवळ, सावलीत लावावा आणि लांबचे अंतर डीसी केबलने कापावे. डीसी केबलमध्येही थोडी ऊर्जा वाया जाते, पण त्या घटीमुळे एसी बाजूचा दाब चढत नाही आणि यंत्र तुटत नाही. कोटेशनवर इन्व्हर्टरची जागा, एसी केबलची जाडी आणि लांबी लिहून मागावी. डीसी बाजू मात्र स्वतः कधीही उघडू नये: सहा पॅनेलच्या एका माळेत २५० व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो, आणि प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढला तर पेटणारी ठिणगी सहज विझत नाही.

मीटरच्या पलीकडे

दुसऱ्या आणि पहिल्या मापातील फरक मोठा असेल, तर सर्व्हिस वायर किंवा खांबावरचा जोड संशयित ठरतो. मोठा म्हणजे किती, हेही ताडता येते. ४ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम असतो. खांब २५ मीटरवर असेल, तर १३ अँपिअरला तिच्या स्वतःच्या रोधातूनच ५ व्होल्टच्या आसपास वाढ होते. तिथे ५ ऐवजी १२ व्होल्ट दिसले, तर वरचे ७ व्होल्ट मुख्यतः कुठल्या तरी कुजलेल्या सांध्यातून येत असण्याची शक्यता मोठी, आणि त्या सांध्यात ९० वॉट जळत आहेत. हे काम आपले नाही. खासगी वायरमनला खांबावर चढवू नये किंवा मीटर उघडू देऊ नये, लाइनमनलाच बोलवावे.

न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता वेगळी आणि अधिक गंभीर आहे. शेजारच्या घरांतील भार बदलला की आपल्याकडील दिवे अचानक प्रखर होतात, दाब क्षणात २०० आणि क्षणात २७० दाखवतो, सोलर बंद ठेवूनही हेच घडते, अशी लक्षणे असतील तर मापे घेत बसू नये. मेन स्विच बंद करून तातडीने १९१२ वर तक्रार नोंदवावी. अशा वेळी इन्व्हर्टर तुटतो हे चांगलेच म्हणायचे. फ्रिज आणि टीव्ही स्वतःहून तुटत नाहीत.

आता पहिल्याच मापाचा प्रश्न. कमी दाबाच्या पुरवठ्यात २३० च्या अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट, हे पुरवठ्याचे मान्य प्रमाण आहे. सोलर बंद असतानाही मीटरपाशी दुपारी २४४ च्या वर दाब येत असेल, तर तक्रार सोलरची राहतच नाही. ती सरळ पुरवठ्याच्या दर्जाची होते आणि तशीच मांडावी. ‘माझा सोलर बंद पडतो’ असे म्हटले की उत्तर मिळते, ‘सोलरवाल्याला विचारा’. ‘सौर यंत्रणा बंद ठेवून दुपारी साडेबारा वाजता माझ्या मीटरवर २४८ व्होल्ट येतात’ असे लिहिले की ते उत्तर देता येत नाही.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला फेज बदलण्याचा. एकाच डीपीच्या तीन फेजवर भार क्वचितच सारखा वाटलेला असतो. ज्या फेजवर घरे कमी आणि सोलर जास्त, तिथे दाब सर्वांत चढलेला असतो. शेजारच्या दोन-तीन घरांत त्याच वेळी दाब मोजला की कोणती फेज दबलेली आहे ते समजते, आणि लाइनमन खांबावर आपली सर्व्हिस वायर त्या फेजवर हलवू शकतो. घरात तीन फेजचा पुरवठा असून इन्व्हर्टर एक फेजचा असेल, तर हा बदल घरातच होतो: ज्या फेजवर पंप, फ्रिज, एसी आहेत आणि जिचा दाब सर्वांत कमी आहे, तिच्यावर इन्व्हर्टर जोडून घ्यावा. याहून स्वस्त उपाय या साऱ्या प्रकरणात दुसरा नाही, आणि तो करून पाहण्याआधीच लोक इन्व्हर्टर बदलून बसतात, याचे वाईट वाटते.

दुसरा उपाय रोहित्राचा टॅप (बाहेर पडणारा दाब पायरीपायरीने कमी-जास्त करण्याची सोय) उतरवण्याचा. ज्या रोहित्राला टॅप असतो त्याची एक पायरी बहुधा २.५ टक्क्यांची, म्हणजे आपल्या बाजूला ६ व्होल्टच्या आसपास असते. हे काम पुरवठा बंद करूनच होते आणि अभियंत्याच्या निर्णयाशिवाय होत नाही. तो कधी कधी नकार देतो, आणि तो नकार नेहमीच टोलवाटोलवी नसतो: टॅप उतरवला की लाइनच्या शेवटच्या टोकावरच्या घरांना संध्याकाळी दिवे मंद मिळण्याचा धोका असतो. म्हणून आधी फेजचा समतोल आणि नंतर टॅप, असाच आग्रह धरावा.

इन्व्हर्टरची सेटिंग

सोलरवाल्याकडून एक गोष्ट आवर्जून तपासून घ्यावी: इन्व्हर्टरमध्ये देशाचे मानक म्हणून भारत निवडलेला आहे ना. घाईत दुसऱ्याच देशाचे मानक तसेच राहिलेले असते आणि मग यंत्र कमी दाबावरच तुटते किंवा पुन्हा जोडायला नको इतका वेळ घेते. अनेक नव्या इन्व्हर्टरांत दाब चढू लागला की निर्मिती टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सोय असते. ती सुरू करून घ्यावी. पूर्ण बंद पडून शून्य मिळण्यापेक्षा २.५ किलोवॉटच्या जागी २ किलोवॉट मिळत राहणे केव्हाही फायद्याचे. दाब आटोक्यात ठेवण्यासाठी रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाइनमध्ये मागेपुढे होणारी शक्ती) शोषण्याचीही सोय काही यंत्रांत असते, परंतु आपल्या बारीक सर्व्हिस वायरींत रोधाचाच वाटा मोठा असल्याने तिचा फारसा उपयोग होत नाही.

तुटण्याची मर्यादाच २६५ किंवा २७० वर नेऊन ठेवण्याचा ‘रामबाण उपाय’ काही जण सुचवतात आणि तो पाच मिनिटांत होतो, हेही खरे. तो करू देऊ नये. मानकाने घालून दिलेली मर्यादा त्यातून मोडली जाते, आणि यंत्र तुटणे थांबले तरी घरातील प्रत्येक उपकरणाला रोज दुपारी तो चढा दाब सोसावा लागतो. सांधा जळत असेल तर तो जळतच राहतो, आणि त्याची सूचना देणारा एकमेव पहारेकरी आपण गप्प केलेला असतो.

स्टॅबिलायझर लाइन आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये लावण्याचा सल्लाही टाळावा. साधा घरगुती स्टॅबिलायझर लाइनकडून घराकडे येणाऱ्या विजेसाठी बनवलेला असतो, उलट्या दिशेने जाणाऱ्या प्रवाहासाठी नव्हे. बॅटरीचे गणितही जुळत नाही. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या एका ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात आणि तिचे आयुष्य राखायचे तर त्यातील निम्मेच वापरायचे असतात. एका तारेचा दोष झाकण्यासाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही.

दुपारी वीज घरातच वापरणे हा मात्र बिनखर्चाचा आणि उपयुक्त उपाय आहे, फक्त त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, घरघंटी, इस्त्री, इंडक्शनवरचा स्वयंपाक ही कामे बारा ते दोनमध्ये आणली की तेवढा प्रवाह मीटरबाहेर जात नाही आणि सर्व्हिस वायरमधील वाढ उतरते. वरच्या उदाहरणात घरात २ किलोवॉटचा भार लावला, तर ५ व्होल्टची वाढ २ च्या खाली येईल. परंतु इन्व्हर्टर ते मेन स्विच या केबलमधून सगळा प्रवाह जातोच, त्यामुळे तिथले ८ व्होल्ट तसेच राहतील. दोष घरातल्या केबलचा असेल, तर भार लावून तो सुटत नाही, पुढे ढकलला जातो. गीझरवर तर भिस्त ठेवूच नये. १५ लिटरचा गीझर साधारण वीस मिनिटांत पाणी तापवून स्वतःच बंद होतो.

लेखी तक्रार

मीटरच्या पलीकडचा दोष असल्याचे मापांवरून दिसले, तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोचची सही-शिक्का असलेली प्रत जवळ ठेवावी. अर्जात ग्राहक क्रमांक, डीपीचे नाव किंवा क्रमांक, सौर यंत्रणेची क्षमता आणि किमान आठवडाभराच्या नोंदी असाव्यात: तारीख, वेळ, सोलर बंद असतानाचा दाब, चालू असतानाचा दाब, त्या वेळची निर्मिती. मीटरच्या पडद्याचे, वेळ दिसेल असे छायाचित्र आणि ॲपमधून काढलेला व्होल्टेजचा तक्ता जोडावा. मागण्या मोघम न ठेवता तीनच लिहाव्यात: खांबावरील फेज व न्यूट्रलचे सांधे तपासून नव्याने करावेत, डीपीवरील तीन फेजचा भार मोजून समतोल करावा, आणि आवश्यक वाटल्यास रोहित्राचा टॅप बदलावा. दाद मिळाली नाही, तर वीज कंपनीचा अंतर्गत तक्रार कक्ष, त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी मुंबई व नागपूर येथील विद्युत लोकपाल असा मार्ग उपलब्ध आहे, आणि मंचापुढे बोलतात त्या या नोंदीच.

एकाच डीपीवर चार-पाच घरांनी सोलर बसवला असेल, तर अर्ज एकत्रित द्यावा. प्रत्येकाचा इन्व्हर्टर शेजाऱ्याच्या निर्मितीमुळेही चढत असतो, आणि एकाची फेज बदलली तर तो त्रास दुसऱ्याकडे सरकण्याची शक्यता असते. लाइनमन काम करून गेल्यावर तीच तीन मापे तशाच निरभ्र दुपारी, तेवढ्याच निर्मितीवर पुन्हा घ्यावीत आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहावीत. इन्व्हर्टरपाशी आकडा २५० च्या खाली राहिला, तर जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारीही यंत्र टिकून राहण्याची चांगली शक्यता आहे. तो २५१-२५२ वर असेल, तर आज यंत्र चालले तरी डीपीवर पुढचा सोलर बसताच ते पुन्हा तुटू लागेल, म्हणून फेज आणि टॅपच्या मागणीचा पाठपुरावा सोडू नये.